आमची ९८ ची दहावी

आमची दहावीची बॅच मार्च १९९८ ची. म्हणजे बहुतेक सगळ्यांचे जन्म ८२-८३ चे. हे आकडे मी इतकी वर्षं कधी एकमेकांशेजारी ठेवून बघितले नव्हते, हल्ली एकदा बघितले आणि मग रात्रभर तेच डोक्यात. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यात आमच्या देवगड, मालवण, राजापूर, लांजा इकडची माणसं किती होती ते कोकणात कोणालाच सांगावं लागत नाही. आमच्या वर्गात अशी पोरं होती की पोर पाळण्यात आणि बाप परळच्या खोलीवरची ट्रंक उचलून कायमचा गावी आलेला. आणि आम्ही दहावीला बसलो त्याच वर्षी, २६ जानेवारीला, कोकण रेल्वेची अख्खी लाईन सुरू झाली, रोह्यापासून पार मंगळुरापर्यंत. बापांना मुंबईनं परत पाठवलं त्या वर्षातली आम्ही पोरं, आणि आम्हाला मुंबईला न्यायला दारात गाडी आली तेव्हा नेमके शाळेतनं बाहेर पडलो.

त्या बॅचबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. नावं कोणाची घालत नाहीये, कारण त्यांना विचारलेलं नाही, आणि गावातलं कोणी वाचलं तर नावाशिवायही ओळखेलच. गाव देवगड तालुक्यातलं, समुद्राकाठचं, कुणकेश्वरपासून फार लांब नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

शाळा आमची चिऱ्याची, कौलारू, पुढे लांब पडवी. ती बांधली गावच्या मुंबईकर मंडळानं. कोकणातल्या किती तरी हायस्कुलांची हीच गोष्ट आहे, एक मुंबई कमिटी आणि एक स्थानिक कमिटी, पैसे मुंबईचे आणि देखरेख गावाची. परळ-लालबागच्या खोल्यांत दहा-दहा माणसं दाटीवाटीनं राहणाऱ्यांनी पगारातनं वर्गणी काढून गावात शाळा उभी केली, याच्याबद्दल मला आजही गळ्यात आवंढा येतो, खरंच येतो. हॉलच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या होत्या, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ एक वर्गखोली, कै. तमुक यांच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी. आम्ही त्या पाट्या वाचत मोठे झालो. शाळा ज्यांनी दिली ते सगळे गाव सोडून गेलेले लोक होते, त्यामुळे शिकणं म्हणजे जाणं हे आम्हाला वेगळं कोणी शिकवायची गरजच पडली नाही.

तेव्हा कोकण बोर्ड नव्हतं, आम्ही कोल्हापूर बोर्डात. शिक्षकही निम्मे घाटावरचे. इंग्रजीचे सर सांगलीकडचे, त्यांना पहिल्या पावसाळ्यात आमची ओल, विंचू आणि माशाचा वास काहीच सोसवत नव्हतं, पण राहिले, आणि नंतर आमच्यापेक्षा चांगले मासे ओळखायला लागले. मराठीच्या बाई इथल्याच. हेडमास्तर फार शिस्तीचे, पण मनानं हळवे, निरोप समारंभाच्या दिवशी त्यांचा आवाज दरवर्षी बसायचा म्हणे.

परीक्षेच्या तोंडावर महाशिवरात्र आलेली. कुणकेश्वरची जत्रा म्हणजे आमच्याकडे वर्षाचा सण, समुद्रात आंघोळ, देवाच्या पायऱ्या, रात्रभर लायटिंग, खाजं, शेंगदाण्याचे लाडू, गावोगावच्या देवांची तरंगं (देवाच्या सजवलेल्या काठ्या) तीर्थस्नानाला येतात ती गर्दी. सरांनी बजावून ठेवलेलं की यंदा जत्रा विसरा. कोणीही विसरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जादा तासाला अर्धा वर्ग पेंगत होता आणि बाईंनी फळ्यावर काही न लिहिता नुसतं विचारलं, "कुंकेश्वराक काय मागितलात?" तर एकदम पाच-सहा जण म्हणाले, गणितात पास कर.

निरोप समारंभाला आमच्या शाळेत एक पद्धत होती. प्रत्येकानं उभं राहायचं, नाव सांगायचं आणि पुढे काय होणार ते सांगायचं. समोर प्रमुख पाहुणे म्हणून मुंबई कमिटीतले एक गृहस्थ बसलेले, सफारी घातलेले, ते प्रत्येकाला मान हलवून दाद देत होते. पोरं उठत होती, डॉक्टर, इंजिनियर, पोलीस, मिलिटरी, शिक्षिका, नर्स, बँकेत, परत पोलीस. आपल्याला खरंच जे व्हायचंय ते त्या माईकवर फार थोड्यांनी सांगितलं असं मला वाटतं. खरं काय ते शेजारच्या बाकावरच्याला माहीत असायचं. मला आकाशवाणीवर निवेदिका व्हायचं होतं, घरी सकाळी रत्नागिरी केंद्र लागायचं आणि तो आवाज मला स्वतःचा वाटायचा, पण मी उठून शिक्षिका म्हणाले आणि खाली बसले. माझ्या शेजारचीनं मला कोपर मारलं, कारण तिला माहीत होतं.

तिच्याबद्दलच आधी लिहिते, शेजारचीबद्दल.

ती सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरच्या वाडीतली. रोज सडा ओलांडून चालत यायची, उन्हाळ्यात कातळ असा तापायचा की ती दहाच्या आत शाळेत पोचून पडवीत पाय गार करत बसायची. बोलायची कमी. वडील गिरणीतनं आलेले, लूम खात्यात होते एवढंच ती सांगायची, पुढे नाही. घरी थोडी नाचणी, थोडं भात, चार कलमं दुसऱ्याची राखायला घेतलेली. ती मला एकदा म्हणाली की तिच्या सड्यावर कातळावर कोरलेल्या बावल्या आहेत, माणसं, मासे, कसली कसली चित्रं, गुरं राखताना ती त्यांच्यावर बसून डबा खाते. आम्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. आता तीच कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, लोक ड्रोन घेऊन येतात, आणि बातम्या वाचताना मला दर वेळी तिचा तो ॲल्युमिनियमचा डबा दिसतो.

तिला एसटीत कंडक्टर व्हायचं होतं. १९९८ साली. आमच्या मार्गावर बाई कंडक्टर तोवर कोणी बघितलेलीच नव्हती. पण ती गाडीत चढली की कंडक्टरच्या हाताकडे बघत राहायची, ती लाकडी ट्रे, रंगीत तिकिटांचे गठ्ठे, पंचानं ट्रेवर टकटक करत गर्दीतनं वाट काढणं, आणि एका दोरीच्या ओढीवर अख्खी गाडी थांबते, सुटते. "माका सगळी गावां बघूची आसत," असं म्हणायची. माईकवर मात्र नर्स म्हणाली.

आणि ती झाली कंडक्टर! मध्ये बरंच काही झालं, बारावी, लग्न, दोन मुलं, एका कपड्याच्या कारखान्यात काम, मग भरती निघाली तेव्हा नवऱ्यानं फॉर्म आणून दिला. आज ती रायगड जिल्ह्यातल्या एका डेपोत आहे. ट्रे जाऊन मशीन आलं, त्याचं तिला अजून वाईट वाटतं. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा गाड्या भरून वाहायला लागल्या, ती सांगत होती की म्हाताऱ्या बायका ज्यांनी माहेर दहा-दहा वर्षं बघितलं नव्हतं त्या निघाल्या, आणि तिकीट फाडताना तिलाच भरून यायचं.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचंय. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला, एसटी राज्य शासनात विलीन करा म्हणून, तो पुढे काही महिने चालला, एप्रिल २०२२ पर्यंत. ती त्यात होती. पगार बंद. एका रात्री तिचा फोन आला, आवाज अगदी सरळ, रडबिड काही नाही. म्हणाली, "बाबांनी एक संप बघलो, आता माझ्या वाट्याक दुसरो इलो." मग थोडं थांबून, "बाबा काल गावावरसून फोन करून इचारी होते, खोली सोडूक लावली काय गो तुमका?" म्हातारा माणूस चाळीस वर्षांनंतरही संप म्हटला की पहिली खोलीच विचारतो. मी तिला काय बोलणार, मी नुसतं ऐकलं. ती परत कामावर रुजू झाली तेव्हा मला फोटो पाठवला, खाकी ड्रेसमधला, आणि मी तो सगळ्या बॅचला पाठवला. इतक्या जणांचे फोन तिला गेले असतील की बस. मला तिचा अभिमान वाटतो, आमच्या बॅचमधल्या कोणाहीपेक्षा जास्त वाटतो, ते इथे लिहून ठेवते.

वर्गात पहिली येणारी वेगळी होती. ती अर्ध्या मार्कासाठी भांडायची. भूमितीच्या एका सिद्धतेवरनं तिनं सरांना फळ्यासमोर थांबवलं, सर म्हणाले पुस्तकात असंच आहे, ती म्हणाली मग पुस्तकात एक पायरी सुटलीय, आणि खरंच सुटलेली. सरांनी खडू तिच्या हातात दिला. हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाही, घामानं कपाळावर चिकटलेले केस आणि तो खडू. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि ते तिनं माईकवरही ठणकावून सांगितलं, तिचं माईकवरचं आणि मनातलं एकच होतं. मार्कही तसेच पडले. पण घरी तिच्यामागे दोन भावंडं, आणि तेव्हा हुशार मुलीला डी.एड.ला घालायचं हे कोकणात ठरलेलंच होतं, दोन वर्षांत हातात नोकरी. ती डी.एड. झाली, मग शिक्षणसेवक, महिना ३००० रुपये मानधनावर, तीन वर्षं. आज ती आमच्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिच्या शाळेचा पट आता एका हाताच्या बोटांवर मावतो. पहिली ते चौथी मिळून. ती त्या चार पोरांना ज्या जीवानं शिकवते ते बघायला मी एकदा मुद्दाम तिच्या शाळेत जाऊन बसले होते, आणि मला वाटलं की या बाईला समोर भरलेला वर्ग मिळायला हवा होता. ती मात्र तसं म्हणत नाही. ती म्हणते, चार आहेत म्हणून चौघांचंही अक्षर मला पाठ आहे.

खाडीपलीकडचा एक होता, बाप कुवेतला. त्याच्या घरच्यांचा पत्ता मुंबई नव्हता, कुवेत होता. आम्ही लहान असताना, १९९० ला, इराकनं कुवेतवर हल्ला केला आणि लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणलं, त्यात त्याचे वडील होते. तो सांगायचा की अब्बा आले तेव्हा अंगावर एक शर्ट आणि हातात एक पिशवी. तरी त्यालाही तिकडेच जायचं होतं, आणि गेलाही. वर्गात तो सगळ्यांना अत्तर लावायचा, ईदला शिरखुर्म्याचा डबा आणायचा तो शेवटच्या बाकापर्यंत पोचेतो रिकामा व्हायचा. आता दोन वर्षांतनं एकदा येतो आणि आल्या आल्या शाळेत जाऊन हेडमास्तरांच्या फोटोसमोर उभा राहतो.

एक गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, डोळ्यांची आखणी करायचा, इंटरमिजिएटला ए ग्रेड, सध्या विरारला फ्लेक्सच्या दुकानात. एक पोलिसात. एक बोटीवर, त्याला विचारलं कुठे आहेस तर समुद्राचंच नाव सांगतो. दोघी नर्स झाल्या, खरंच झाल्या, आणि कोविडमध्ये त्यांनी काय काय बघितलं ते अजून पूर्ण सांगत नाहीत.

दशावतारवाल्याबद्दल मात्र थांबून लिहिलं पाहिजे.

त्याच्या आजोबांच्या काळापासून घरात दशावतार. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तो शाळेत असून नसायचा, रात्रभर कुठल्या तरी देवळासमोर दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, बघून आलेला असायचा, डोळे लाल. पण वर्गात बाईंनी कविता वाचायला सांगितली की तोच. संवाद त्याला लिहून लागायचेच नाहीत, दशावतारात तसे लेखी संवाद नसतातच, आख्यान ठरतं आणि बाकी ज्याचं त्यानं उभ्या उभ्या बोलायचं. तो तसाच होता, इतिहासाच्या पेपरातही त्यानं तहाच्या कलमांऐवजी दोन राजांमधला संवाद लिहिलेला, आणि सरांनी त्याला मार्क दिले! स्त्रीपार्ट करायचा. नऊवारी नेसून, गजरा माळून उभा राहिला की त्याच्या स्वतःच्या आईलाही क्षणभर ओळख पटायची नाही. काही पोरं चिडवायची, तो चिडायचा नाही, उलट त्याच सुरात, मान अशी तिरकी करून उत्तर द्यायचा आणि चिडवणाऱ्याचीच बोलती बंद.

त्याला राजपार्टी व्हायचं होतं, स्वतःची कंपनी काढायची होती, स्वतःचा पेटारा. माईकवर म्हणाला, "मी कलाकार." पाहुणे म्हणाले, "छंद चांगला आहे, पण नोकरीचं बघ." त्याच्या चेहऱ्यावरचं मी बघितलं होतं. तो मुंबईला गेला, कुरिअर, मग एका इमारतीत वॉचमन, मग लिफ्टमन. पण मुंबईत मालवणी जत्रोत्सव भरतात, ग्राउंडवर, मोठे मोठे मांडव, तिथे दशावताराचे प्रयोग लागतात, आणि हा तिथे जाऊन उभा राहिला. आता दर हिवाळ्यात बिनपगारी रजा काढून गावी येतो, जत्रांच्या रात्रींना एका कंपनीबरोबर फिरतो, आणि राजपार्ट करतो. गेल्या वर्षी मी आमच्या देवळासमोर थंडीत गोधडी घेऊन बसून त्याचा प्रयोग बघितला. पहाटे तीनचा सुमार. पखवाज, झांज, पायपेटी, आणि हा राजा होऊन आला, बाकावर बसला (सिंहासन म्हणजे तेच, एक लाकडी बाक), आणि त्यानं तोंड उघडलं तेव्हा मला आमच्या मराठीच्या तासाचा वास आला, खडूचा आणि ओल्या दप्तरांचा. पोटासाठी लिफ्ट चालवतो आणि तरी तो राजा आहे, मला हे कसं सांगावं कळत नाही, पण तो आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

त्या दिवशी चाळीसेक पोरं उठली आणि बसली. त्यातल्या दोघांनीच असं उत्तर दिलं ज्यात गाव सोडणं नव्हतं.

एक गाबीतवाडीतला. तो पहाटे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जायचा, दोर ओढून यायचा, अंगाला मीठ तसंच, आणि पहिल्या तासाला झोपायचा. सर त्याला उठवायचे नाहीत. गणितात तो कायम काठावर, बीजगणित म्हटलं की घाम. पण रापणीचे वाटे? लिलाव झाला, खर्च वजा झाला, मग जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, कोणी अर्धाच वेळ आला तर त्याचा अर्धा, विधवा बाईला ठरलेला, हे सगळं तो वाळूत उभ्या उभ्या तोंडी सोडवायचा आणि म्हाताऱ्या तांडेलांना (होडीवरच्या प्रमुखांना) त्याचा हिशोब मान्य असायचा. सांगलीवाल्या सरांनी एकदा किनाऱ्यावर हे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाले, याला कोणी ढ म्हणायचं नाही.

तो उठला आणि म्हणाला, "तांडेल होतलंय."

वर्ग हसला. पाहुणेही हसले, वाईट हेतूनं नाही, पण हसले. "अरे, त्यासाठी दहावी कशाला हवी?" असं काहीतरी म्हणाले.

दुसरी एक मुलगी, आई आंब्याच्या बागेत आणि काजूच्या कारखान्यात मजुरीला, वडील नव्हते. ती उठली, खूप वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "मी आयेवांगडाच रवतलंय." म्हणजे आईबरोबरच राहणार. यावेळी कोणी हसलंही नाही. हेडमास्तर हळूच "बस" म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.

मला वाटतं त्या दोघांनीही त्या दिवशी सगळ्यांइतकीच मोठी इच्छा सांगितली होती. पण आमच्याकडे राहणं ही इच्छा धरलीच जात नव्हती. गेला तो पुढे गेला, राहिला तो राहून गेला. एवढी मुंबई कमिटी, एवढ्या पाट्या, एवढे चांगले शिक्षक, पण इथे राहून नीट कसं जगायचं हे आम्हाला एकाही तासाला शिकवलं नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार होती, २०११ ला ती ८ लाख ४९ हजार झाली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी कमी! शेजारच्या रत्नागिरीचंही तेच. त्या कमी झालेल्या एकोणीस हजारांत आमच्या बॅचचे वीस-पंचवीस तरी आहेत, मीही आहे, डोंबिवलीला. आणि गंमत बघा, दहावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं, २०२४ ला ९९.०१ टक्के. एवढी पोरं पास होतात आणि जातात.

तो तांडेल झाला. आधी दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, मग भावाबरोबर कर्ज काढून स्वतःची होडी आणि इंजिन. सोपं काहीच नव्हतं. पर्ससीनवाले मोठ्या जाळ्यांनी किनाऱ्याजवळचा बांगडा उचलून न्यायला लागले तेव्हा पारंपरिक मच्छीमारांची जी आंदोलनं झाली त्यात हा पुढे होता. २०१६ च्या फेब्रुवारीत शासनानं पर्ससीनवर बंधनं घातली, पण समुद्रात रात्री कोण बघायला जातो असं तो म्हणतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा त्यानं वाडीतल्या सगळ्या होड्या आदल्या दिवशी वर ओढून घ्यायला लावल्या, लोक म्हणत होते एवढं काय होत नाही, हा ऐकेना. त्याचा हिशोब त्याही दिवशी लोकांनी मानला, आणि होड्या वाचल्या.

आणि ती आयेवांगडा राहिलेली. आई शेवटपर्यंत तिच्याजवळ होती, गेल्याला फार वर्षं नाही झाली. ती बागेत कामाला जायची, आंबा काढायला, झेला मारण्यात पुरुषांच्या बरोबरीनं, मग पेट्या भरायला, वाशीच्या मार्केटातनं पट्टी (विक्रीचा हिशोब) आली की मालकाचा चेहरा वाचायला ती तेव्हाच शिकली. मग बचत गट, मग पर्यटक यायला लागले तसं तिनं घरातच जेवण द्यायला सुरुवात केली, घावणे, तांदळाची भाकरी, सोलकढी, मासा ताजा मिळाला तरच मासा, नाहीतर सरळ नाही सांगते. मासा कोणाकडून घेते ते सांगायलाच नको. आज तिच्याकडे वाडीतल्या चार-पाच बायका कामाला आहेत. तौक्तेत तिच्या मांगराचे, म्हणजे बागेतल्या खोपीचे, पत्रे उडाले, हंगामाच्या शेवटचा आंबा सगळा जमिनीवर, तरी दोन महिन्यांत तिनं चूल परत पेटवली. आमची बॅच जमते ती तिच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. कोणी ठरवलं नाही, पण पहिल्यांदा जमायचं म्हटलं तेव्हा सगळ्यांनी एकदम तिचंच घर सांगितलं, कारण बाकीच्यांची घरं बंद असतात, कुलपाची चावी शेजारी.

तिथे मागच्या मे महिन्यात आम्ही बसलो होतो. दशावतारवाला नव्हता, त्याला रजा मिळाली नाही. कंडक्टरीण आली होती, स्वतःच्याच खात्याच्या गाडीनं, तिकीट काढून. पहिली आलेली तिच्या चार पोरांची चित्रं घेऊन आली होती. गप्पा निघाल्या आणि कोणीतरी तो माईकचा दिवस काढला, आणि मग एकेकानं खरं काय व्हायचं होतं ते सांगितलं, रात्री उशिरापर्यंत. पोलिसातल्याला सुतार व्हायचं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. एक नर्स म्हणाली, मला फक्त स्वतःची खोली हवी होती, दाराला आतून कडी असलेली, दुसरं काही नाही. मी आकाशवाणीचं सांगितलं तर तांडेल म्हणाला, मगे वाच काय तरी. हातात वाचायला काही नव्हतं, मी त्याच्या मोबाईलवरचं हवामान वाचून दाखवलं, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, मच्छीमारांना इशारा. सगळे गप्प ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यानं एवढंच म्हटलं, उद्या पहाटेक जाऊक हरकत नाय.

त्याची मोठी मुलगी बारावीला आहे. तिला रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचंय, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आहे ते, चार वर्षांचा कोर्स. शाळेत असतानाच ती आमच्या त्याच हॉलमध्ये उभी राहून हे म्हणाली होती, आणि पुढचं वाक्यही म्हणाली होती की शिकून परत येणार. तिच्या वर्गात तेव्हा जेमतेम डझनभर पोरं होती, पण म्हणे टाळ्या पडल्या. परवा तिचा फोन आला, "आते, हॉस्टेल मिळात मां? आणि सीईटीचो फॉर्म बाबाक कळना नाय, तुमी भरतलात?" मी म्हटलं भरते, मार्कलिस्टचा फोटो पाठव, आणि डोमिसाईल काढून ठेव, त्याला वेळ लागतो. मग तिनं हळूच विचारलं की बाबा गणितात खरंच काठावर पास झाला होता का, तो तर म्हणतो ७० होते. मी तिला वाट्यांचा हिशोब सांगायला घेतला, जाळ्याचा, होडीचा, अर्ध्या वेळेचा, विधवेचा, ती मध्येच म्हणाली थांबा आते, लिवन घेतंय.